सव्वा महिन्याचा शेक

झुंबरबाईचा अंगठा खांद्याच्या पात्याखाली रुतला, तशी पुष्पांजलीनं उशीचा कोपरा दातांत धरला. तेल चांगलं तापवलेलं होतं, त्यात लसूण आणि ओवा जळून काळा पडला होता. अंगठा मणक्याच्या कडेनं खाली उतरत गेला आणि कमरेपाशी थांबून गोल गोल फिरू लागला. पुष्पांजलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तोंड भिंतीकडं होतं म्हणून बरं.

“बरं वाटते का व?” झुंबरबाईनं विचारलं.

“हाव, आत्याबाई,” पुष्पांजली उशीतूनच म्हणाली. “लय बरं वाटते.”

“वाटनारच. हाडात वारा शिरला तुह्या. बाहेर काढल्याशिवाय सोडत नाही मी.”

आणि म्हातारीनं आणखी जोर लावला. हात कसले, वरवंटाच तो. गावातल्या निम्म्या बाळंतिणींची अंगं त्या हातांनी चोळलेली होती, आणि बाळंतिणी पुढं कामाला कशा खणखणीत उभ्या राहिल्या हे झुंबरबाई ज्याला त्याला नावानिशी सांगायची. तिची स्वतःची सून पुष्पांजली मात्र त्या हातांखाली आजवर कधी आली नव्हती.

बाजेखाली घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव होता. झुंबरबाई मधूनमधून त्यावर चिमूटभर ओवा आणि शेपा टाकायची, की धूर सुंभातून वर यायचा. दाराला जुन्या लुगड्याचा पडदा, पुष्पांजलीच्या कानांना फडकं घट्ट बांधलेलं, उशाशी डिंकाच्या लाडवांचा डबा. सारा थाट बाळंतिणीचा होता. बाजेवर लेकरू तेवढं नव्हतं.

दुखणं चार-पाच वर्षांपासूनचं. मान, खांदे, कंबर, मांड्या, आज इथं तर उद्या तिथं. सकाळी उठावं तर रात्रभर कुणी बदडून काढल्यासारखं अंग. मनगटाला बांगड्यांचं वजन सोसेना. ताप नाही, सूज नाही, साधं खरचटलेलंही नाही, मग माणसानं दाखवायचं काय? झुंबरबाई सरळच म्हणायची, “काम पाह्यलं की दुखते हिचं.” हे ती भांडणातही म्हणायची नाही. शेजारणीला पावसापाण्याचं सांगावं तसं सहज सांगायची, आणि पुष्पांजलीला तेच जास्त लागायचं. दुखणं एक वेळ ती सोसत होती, पण खोटारडी म्हणून त्या घरात वावरणं तिच्या जिवावर आलं होतं.

मेहकरचे दवाखाने झाले, तेव्हा हर्षल, तिचा नवरा, तिला बुलढाण्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, फोटो काढले, अंगावर ठिकठिकाणी बोटानं दाबून पाहिलं आणि आजाराचं नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. जिवाला धोका नाही, पण मुळापासून जाईलच असंही नाही. झोप पुरी व्हायला हवी, रोज थोडं चालायचं, शेक घ्यायचा, साखर कमी, आणि अंग मोडेल असं काम करायचं नाही. गोळ्या दिल्या त्या वेगळ्याच.

घरी आल्यावर झुंबरबाईनं एवढंच विचारलं, “रिपोर्टात काय निघालं?”

“सारं नॉर्मल हाये, आई.”

म्हातारीनं हात जोडले, देवापुढं साखर ठेवली आणि आळीत वाटून आली. राहिलेली चिमूटभर तिनं पुष्पांजलीच्या तळहातावर ठेवली. पुष्पांजलीनं ती खाल्ली.

हर्षल तसा गरीब माणूस, आईपुढं त्याचा आवाज निघत नसे. पण बायकोचं दुखणं त्यानं मनावर घेतलं होतं. आजाराचं नाव त्याच्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही, फोनमध्ये मात्र त्यानं ते शोधून काढलं, आणि एका संध्याकाळी ओसरीवर बसून काय खायचं, काय नाही, ते मोठ्यानं वाचू लागला. हळद घालून दूध. सुंठ, भिजवलेल्या मेथ्या, जवस, शेवग्याचा पाला. साजूक तूप. थंड नको, शिळं नको. गरम शेक, तेलाची हलकी मालीश, आणि भरपूर झोप.

झुंबरबाई सुपात तुरीची डाळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“हे तं बाळंतिनीचं खानं हाये,” ती म्हणाली.

दहा वर्षांमागं सातव्या महिन्यातच पुष्पांजली बाळंत झाली होती, आणि मूल रडलंच नव्हतं. लेकरू नाही तर बाज कशाला आणि शेक कोणाला, असं तेव्हा ठरलं. ते कोणी ठरवलं, याची घरात नंतर चर्चा झाली नाही. सोयाबीन सोंगणीला आलं होतं. सुईर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, फिटायच्या आत पुष्पांजली विळा घेऊन वावरात होती. पुढं तिला पुन्हा दिवस गेले नाहीत.

“बाळंतवात हाये हा,” झुंबरबाई सुपाकडं पाहत म्हणाली. “हिचा शेक राह्यला व्हता. तो आता देऊ. सव्वा महिना.”

“आई, डॉक्टरीन म्हने, जोरानं चोळू नका.”

“तिनं किती बाळंतिनी चोळल्या?”

हर्षलनं फोन खिशात टाकला. बोलायला हवं होतं ते पुष्पांजलीनं, पण तिला सासूचं बोलणं मोडायचं नव्हतं. ज्या दुखण्याला सासू इतकी वर्षं थेरं म्हणत होती, त्याला आज तिनं आपल्या तोंडानं नाव दिलं होतं. नाव चुकलेलं का असेना. दुखतं हे तर तिनं कबूल केलं होतं, आणि त्यासाठी पुष्पांजली कुठल्याही बाजेवर झोपायला तयार होती.

पोळा झाला आणि बाज टाकली. पोळ्यापासून सोंगणीपर्यंत वावरात बायकांचं काम बेताचंच असतं, तेही म्हातारीनं मनाशी धरलंच होतं.

पहिले काही दिवस पुष्पांजलीला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाराला पडदा आणि घरातून ओव्याचा धूर दिसल्यावर येणारी-जाणारी बाई थबकायची. “काय झालं हो, पोरगा का पोरगी?” अशी एकीनं बाहेरून हाक दिली, तेव्हा झुंबरबाईनं तिला काय सांगितलं ते आत ऐकू आलं नाही. दुपारी झोपेतच पुष्पांजलीचा हात एकदा शेजारच्या रिकाम्या जागेवर फिरत राहिला आणि ती हुंदके देत जागी झाली. झुंबरबाई तिथंच बसली होती. तिनं पाहिलं, घमेल्यात आणखी ओवा टाकला आणि धुरानं डोळे चुरचुरतात असं म्हणत पदर डोळ्यांना लावला.

खरं सांगायचं तर मालीश सोडली, तर बाकी सगळ्यानं तिला आराम पडत होता. कमरेला ऊब लागायची. बाजरीची गरम भाकर, तुपात परतलेला लसूण, मेथीची उसळ, सुंठेचं दूध, सगळं आयतं हातात यायचं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे झोप. पहाटे तिला कोणी हाक मारत नव्हतं. नळ आला तर येऊ दे, दूधवाला ओरडला तर ओरडू दे. ती झोपायची, जागी व्हायची आणि पुन्हा झोपायची. मान वळायला लागली. बांगड्या पुन्हा हातात घातल्या. मालीशीची दुपार तेवढी दात आवळून काढावी लागे, आणि तीही ती काढत होती, कारण “बरं वाटते” हे ऐकलं की सासूचा चेहरा असा काही उजळायचा, की तो तिनं लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत पाहिला नव्हता.

सव्वा महिना भरला. झुंबरबाईनं कडुलिंबाच्या पाण्यानं तिला न्हाऊ घातलं आणि केस पुसता पुसता विचारलं, “गेलं ना व?”

पुष्पांजलीनं मागं वळून पाहिलं. म्हातारी खूप थकलेली दिसत होती. सव्वा महिना तिनं एकटीनं घर ओढलं होतं, वरून विस्तव, वरून मालीश.

“गेलं,” पुष्पांजली म्हणाली.

झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत झालं. बुलढाण्याच्या डॉक्टरला जे सापडलं नाही ते झुंबरबाईनं बाजेवर काढलं.

पण बाज उचलली आणि पाणी, भांडी, धुणी, शेण सगळं जागच्या जागी परत आलं. आठ दिवसांत दुखणंही आलं. आधी मानेत, मग दोन्ही खांद्यांत, मग सगळीकडं. सोयाबीन पिवळं पडून वाळलं होतं, सोंगणी दुसऱ्या दिवसावर आली होती. दिवसभर वाकून सोयाबीन कापायचं म्हणजे काय, ते पुष्पांजलीला चांगलं ठाऊक होतं.

“तूच सांग आईले,” हर्षल म्हणाला होता. “तुह्याऐवजी बाई लावू आपन. पन तिनं हो म्हनलं पाह्यजे.”

दुपारी भांडी आटोपून पुष्पांजली ओसरीवर आली. झुंबरबाई वाती वळत बसली होती.

“आत्याबाई, एक सांगाचं व्हतं.”

“सांग ना व.”

पुष्पांजली तिच्यासमोर बसली, आणि तेवढ्यात खालच्या आळीची विमलबाई अंगणात आली. मागं तिची सून, संजीवनी. लग्नाला पाच-सहा वर्षं झालेली, अंगानं चांगली, चेहरा मात्र उतरलेला.

“पाहा बाई हिले जरा,” विमलबाई बसता बसता म्हणाली. “वर्ष झालं, इथी दुखते न तिथी दुखते. दवाखान्यात काही निघत नाही. आता पोरगा म्हन्ते, नेऊन घालतो माहेरी, बरी झाली की पाहू.”

“बाळंतपन कवाचं?”

“मागच्या सालच्या उन्हाळ्यातलं. उष्णता म्हून शेक देल्ला नाही.”

“मंग त्यातच हाये सारं,” झुंबरबाई म्हणाली. “सव्वा महिना बाजेवर टाक. आमच्या पुष्पीले इचार.”

विमलबाईनं पुष्पांजलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “खरंच गेलं का व? का सासूच्या धाकानं सांगतं?” ती हसली, पण नजर काही काढली नाही.

पुष्पांजली संजीवनीकडं पाहत होती. पोरगी भिंतीला टेकली नव्हती. एका हातानं दुसऱ्या हाताचं कोपर अलगद तोलून धरलं होतं. पोलक्याच्या दोन्ही बाह्यांची शिवण उसवलेली होती, आणि ती आपसूक उसवलेली नव्हती, ब्लेडनं नीट टाका टाका काढलेली होती. दंडाला काच सोसेना म्हणून पुष्पांजलीनं आपल्या सगळ्या पोलक्यांची तशीच काढली होती.

“तोंडानं काय सांगाचं?” झुंबरबाई म्हणाली. तिच्या आवाजात गर्व होता, सुनेबद्दलचा. “पुष्पे, तो गुंड आन बरं आत.”

सकाळच्या नळाला भरलेला पितळी गुंड अंगणातल्या ओट्याजवळ काठोकाठ उभा होता. गेले चार दिवस पुष्पांजली तो आधी अर्धा बादलीत ओतायची आणि मग उचलायची. आज तिनं त्याच्याकडं पाहिलं, तेव्हा तिला सगळं स्वच्छ कळलं. हा उचलला, की उद्या सोयाबीन. उद्याच काय, यापुढं कधीही कुठं दुखलं तर कुणी ऐकून घेणार नाही, पाचजणींच्या देखत गेलेलं दुखणं परत कसं येतं म्हणतील. आणि नाही उचलला, तर विमलबाई पदर झटकून उठेल, आणि ही पोरगी उद्या एसटीत बसेल.

ती अंगणात उतरली. गुडघ्यात वाकली, दोन्ही हात गुंडाच्या बुडाशी नेले आणि श्वास धरून तो उचलला. खांद्यातून कळ निघाली ती थेट कानापर्यंत गेली. गुंड कमरेवर आला, पाणी थोडं हिंदकळलं. ती हसली. हसत हसतच पायऱ्या चढली, दोघी सासवांच्या समोरून गेली आणि आत स्वयंपाकघरात वळली.

“नव्या नवरीवानी उचलते व हे तं,” मागं विमलबाईचा आवाज आला. “डिंक कितीक लागन, बाई?”

पुष्पांजलीनं गुंड तिवईवर टेकवला आणि कडेला धरून उभी राहिली. बोटं उघडत नव्हती. डोळ्यांपुढं अंधारी येऊन गेली.

“संजीवनी, जाय व, चहा मांड तिच्यासंगं,” बाहेरून झुंबरबाई म्हणाली.

संजीवनी आत आली. तिनं चुलीकडं पाहिलं नाही, पुष्पांजलीच्या हातांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“ताई,” ती अगदी हळू म्हणाली, “खरंच जाते का?”

पुष्पांजलीनं दाराकडं नजर टाकली. बाहेर खारकेचा भाव चालला होता.

“नाही,” ती म्हणाली. “पन सव्वा महिना झोपाले भेटते. कोनी उठवत नाही.”

संजीवनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मान हलवली.

“मालीश लय दुखते. ओरडजो नको. बरं वाटते, म्हनजो.”

“हाव.”

“रोज म्हनजो.”

“हाव, ताई.” संजीवनीनं चहाचं पातेलं हातात घेतलं. “आन मंग? सव्वा महिना झाल्यावर?”

पुष्पांजली काही बोलणार, तोच बाहेरून हाक आली.

“पुष्पे, ते विळे काढून ठेव व माळ्यावरचे. सकाळी धार लावा लागन. आता तं तूच पुढं राह्यजो.”

“काढतो, आत्याबाई,” पुष्पांजली म्हणाली.

तिनं माळ्याकडं हात नेला. तो खांद्याच्या वर जाईना, तेव्हा दुसऱ्या हातानं तो कोपराशी धरून तिनं वर चढवला आणि चाचपत एकेक विळा खाली काढू लागली. संजीवनी पाहत उभी होती.