काजांचं मशीन आणि परकं चलन

"घ्या! नाकारलं कार्ड!" काजवाल्या वहिनींनी मोबाईल टेबलावर आपटला. "म्हणे खात्यात पुरेसे पैसे नाहीत."

गल्लीतले सगळे शिंपी कपडे स्वतः शिवत, पण काजं करायला वहिनींकडे पाठवत. आता त्यांचं मशीनच बंद पडलं होतं. आतला बोटभर भाग तुटला होता आणि तो बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. शोधून शोधून परदेशातल्या एका दुकानात सापडला, तोही शेवटचा. तो हातचा गेला की मशीन भंगारात आणि वहिनी रिकाम्या!

धाकटी जाऊ हॉटेलच्या काउंटरवरची ड्युटी संपवून नुकतीच आली होती. तिच्या कोटाचं काज उसवलं होतं, तिथे सेफ्टी पिन लावलेली.

"ताई, मी भरते ना."

"नको गं बाई. हातपाय धड आहेत अजून माझे."

"बरं, राहिलं. दाखवा तरी." जावेने मोबाईल घेतला. "हे काय, आपल्या चलनात भरताय?"

"मग? परक्यांच्या पैशातलं मला काय कळतंय डोंबल! आपला आकडा निदान समजतो तरी."

जाऊ हसली. "अहो, आमचे पाहुणेही हेच करतात. कार्ड लावलं की मशीन विचारतं, तुमचं चलन की इथलं? ते बिचारे ओळखीचं निवडतात आणि बदलून देण्याच्या नावाखाली चांगलेच कापले जातात. तुम्ही त्या दुकानाचंच चलन ठेवा. बदलायचं ते आपली बँक बदलेल. तीही घेते, पण बेताचं."

काजाला चीर देताना रोखतात तसा श्वास रोखून वहिनींनी बोट टेकवलं. पैसे गेले. ऑर्डर लागली! वर खात्यात थोडे उरलेसुद्धा. वहिनींनी जावेचा हात घट्ट धरला.

भाग आला, बसला. दारात शिंप्यांच्या गठ्ठ्यांची रीघ लागली. वहिनींनी कुणालाच दाद दिली नाही.

"आधी तू कोट काढ," त्या जावेला म्हणाल्या.

मशीन खडखडलं. काज कसं, सुरेख! जावेने मुद्दाम पर्स उघडली. "किती झाले?"

"कुठल्या चलनात देतेस, ते सांग आधी!"

दोघी पोट धरून हसल्या. मग वहिनींनी तिला कोट घातला आणि बटण स्वतःच्या हाताने लावलं.

"तू होतीस म्हणून गं," त्या म्हणाल्या.

काढलेली पिन त्यांनी परत दिली नाही. मशीनजवळच्या टाचण्यांच्या गादीत, सगळ्यांत वर टोचून ठेवली आणि पहिला गठ्ठा सोडला.