मागच्या खोलीचा कौल

माझ्या म्हाताऱ्याला गाण्याचा नाद उतारवयात लागला. तरुणपणी सगळा वेळ समुद्रात कालवं वाढवायच्या बांबूंवर गेला, तेव्हा तोंडातून शिवीखेरीज सूर निघाला नाही. आणि आता सत्तरी ओलांडल्यावर ह्याला माइक हवा! थोरल्या पोराने तैपेईहून कराओकेचं यंत्र पाठवलं. चाकं लावलेलं, बसक्या कपाटाएवढं. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "घरात हे वाजलं, तर कालवं फोडायच्या सुरीने वायर कापीन." तेव्हा त्याची नजर देवळामागच्या खोलीवर गेली.

म्हातारा म्हणजे माझा नवरा, हायसेंग. गावच्या देवळाच्या मंडळाचा अध्यक्ष. आमचा देव थोतीकोंग, पांढऱ्या दाढीचा, हसरा, गावची माती सांभाळणारा. त्याच्या देवळामागे एक खोली आहे, आणि त्या खोलीत संध्याकाळी पोरं बसतात.

ही पोरं म्हणजे रोऊआन आणि तिची टोळी. रोऊआन खिम मास्तरांची नात, सोळा वर्षांची. खिम मास्तर हातात घालायच्या बाहुल्यांचा खेळ करायचे. मागच्या हिवाळ्यात गेले. बाहुल्यांच्या दोन पेट्या मागे राहिल्या, त्या ह्या खोलीत. रोऊआन बाहुल्या नाचवते आणि सगळे आवाज काढते. मिनफांग तिची मदतनीस. तिची आई व्हिएतनामची, माझ्या शेजारी बसून कालवं फोडते. दोन पोरगे ढोल-झांज बडवतात. बस्स, एवढीच टोळी.

आमच्या गावात पोरांनी करायचं तरी काय, तुम्हीच सांगा. चित्रं शिकायची, नाटक शिकायचं, तर गाडी पकडून मोठ्या गावाला जा. क्लास सुटतो तेव्हा शेवटची गाडी निघून गेलेली असते. मिनफांगने चार आठवडे करून बघितलं. दर वेळी तिची आई स्कूटर घेऊन आणायला. शेवटी दोघी थकल्या. त्यामुळे ती खोली होती म्हणून काहीतरी होतं.

एका सकाळी म्हाताऱ्याने खोलीत जाऊन यंत्र कुठे बसेल ते मापलं. दुपारी रोऊआन माझ्याकडे आली. रडली नाही, ती रडणाऱ्यातली नाही. माझ्या टोपलीतली कालवं उचलून फोडायला लागली. चार फोडली, त्यातली दोन चेचली.

"काकू, काका खरंच खोली घेणार?"

"त्याचं मन म्हणजे ओलं सिमेंट, एकदा वाळलं की झालं. अजून वाळलं नाहीये. का गं?"

"आमच्या घरी पेट्या ठेवायला जागा नाही. मामा म्हणतो, माझ्याकडे आण, दुकानात काचेच्या कपाटात लावतो. काकू, काचेत ठेवलेली बाहुली मेलीच म्हणायची ना? आजोबांनी मला शिकवलं ते काय कपाटात लावायला?"

 मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि म्हटलं, "आधी माझी कालवं चेचणं थांबव. रात्री बोलते मी त्याच्याशी."

बोलले. उपयोग काय! म्हाताऱ्याची बोलायची एक रीत आहे. आधी खाकरतो, मग मांडीवर थाप मारतो, मग म्हणतो, "हां, तर मुद्दा असा." मंडळाची सभा असो की घरात मीठ संपलेलं असो, रीत तीच.

"हां, तर मुद्दा असा," तो म्हणाला, "पोरं आज आहेत, उद्या तैपेईला जातील. आपला गेला नाही का? म्हातारे इथेच राहणार. त्यांना बसायला, गायला एक जागा नको?"

तेही खोटं नव्हतं. गावात माझ्या वयाच्या बायका दुपारभर टीव्हीसमोर पेंगतात. मला राग आला तो ह्याचाच, की म्हातारा बरोबर बोलत होता.

"मग देवाला विचार," मी म्हणाले.

"विचारणारच आहे. वाढदिवसाच्या खेळाचंही विचारायचंय."

थोतीकोंगचा वाढदिवस दुसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या तिथीला. त्या दिवशी देवासमोर बाहुल्यांचा खेळ व्हावाच लागतो. खेळ देवासाठी असतो. माणसं असली तर असली, नाहीतर नाही. मास्तर गेल्यापासून बाहेरचा एक माणूस ट्रक घेऊन येणार असं ठरत होतं. तो आवाज टेपवर लावतो, बाहुल्या नुसत्या हलवतो आणि मध्येच सिगारेट ओढायला जातो. रोऊआनला तो खेळ स्वतः करायचा होता. मंडळातले म्हातारे घाबरले. सुरुवातीच्या मंगल खेळात बाहुली हातातून पडली, तर गावाला वर्षभर भोवतं, असं आमच्याकडे मानतात.

कौलाच्या दिवशी मंडळ जमलं, पोरंही दाराशी उभी. कौल लावायचे लाकडी तुकडे दोन, चंद्रकोरीसारखे, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर वर आला, तर देवाचा होकार. दोन्ही फुगीर वर आले तर नकार. दोन्ही सपाट वर आले तर देव हसला. मोठ्या गोष्टीला ओळीने तीन होकार लागतात.

म्हातारा गुडघ्यांवर बसला, तुकडे कपाळाला लावले. "देवा, खेळ ट्रकवाल्याला द्यायचा, आणि कराओकेचं यंत्र मागच्या खोलीत ठेवायचं, चालेल ना?"

टाकले. दोन्ही सपाट वर. देव हसला.

परत टाकले. परत हसला.

"अरे म्हाताऱ्या!" मी मागून ओरडले. "एका दमात दोन गोष्टी विचारतोस, देवाने काय डोकं खाजवावं? इतकी वर्षं कौल लावतोस आणि हेही सांगायला पाहिजे?"

मंडळी फिदीफिदी हसली. म्हाताऱ्याचे कान लाल झाले. पण चूक ती चूकच. एका कौलाला एकच प्रश्न, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. यंत्राच्या नादात हा विसरला.

"बरं, बरं. देवा, खेळ पोरांनी करावा का?" असं विचारताना त्याला खात्री होती, नकारच येणार.

होकार. होकार. परत होकार.

दाराशी मिनफांगने किंचाळून रोऊआनला मिठी मारली. पण रोऊआन म्हाताऱ्याच्या हाताकडे बघत होती. त्याने तुकडे परत उचलले होते.

"देवा, कराओकेचं यंत्र मागच्या खोलीत ठेवू का?"

होकार. होकार. होकार.

आता काय करता? देवाने दोन्ही दिलं. रोऊआन तिथून निघाली तर मी मागे धावले. "काकू, काही बोलू नका," ती म्हणाली. "देवाचा कौल झालाय. मी वाढदिवसाला खेळ करीन आणि दुसऱ्या दिवशी मामाला बोलावीन." तिचा आवाज इतका सरळ होता की मला भडभडून आलं. आणि देवाचाही राग आला. खोटं कशाला सांगू?

वाढदिवसापर्यंत पोरांनी त्या खोलीत मरमर केली. मी रोज भाताचं भांडं पोचवायचे. एकदा दारातून आत डोकावले, तर रोऊआन दाढीवाली बाहुली हातात घालून खाकरत होती. मला बघून गप्प झाली. "सर्दी झालीय काकू," म्हणाली. मीही विश्वास ठेवला!

त्या दिवशी देवळासमोर लाल प्लॅस्टिकची स्टुलं मांडली. माणसं घराघरांत तेलात परतलेला भात आणि कालवांच्या शेवया करण्यात गुंतलेली. स्टुलावर बसलेला एकटा म्हातारा, हातात उदबत्ती. अध्यक्षाला खेळ संपेपर्यंत देवाजवळून उठता येत नाही. पोरांकडे लाउडस्पीकर नव्हता, म्हणून त्यांनी म्हाताऱ्याचंच यंत्र लावलं होतं. तो आढेवेढे घेत "हो" म्हणाला होता. मनातून खूष होता, की निदान वाजेल तरी.

मंगल खेळ झाला. तीन देवांच्या बाहुल्या आल्या, गावाला सुख, संपत्ती, आयुष्य देऊन गेले. एकही बाहुली पडली नाही. मी सुटकेचा श्वास टाकला आणि देवळाच्या अंगणात मांडलेल्या माझ्या कढईकडे वळले.

मग मुख्य खेळ सुरू झाला. त्यात गावचा थोतीकोंग येतो. पडद्याआडून दाढीवाली बाहुली आली, खाकरली, मांडीवर थाप मारली आणि म्हणाली, "हां, तर मुद्दा असा!"

माझ्या हातातला झारा कढईत पडला. अगदी त्याचाच आवाज! तोच घोगरेपणा, तोच मध्येच लागणारा दम. यंत्र चांगलं दणदणीत, गावभर ऐकू गेलं. घराघरांतून बायका ओल्या हातांनी बाहेर आल्या. "अगं, अध्यक्ष आत शिरलाय की काय!" मिनफांगची आई पोट धरून खाली बसली.

बाहुलीचा थोतीकोंग गुडघे दुखतात म्हणून कुरकुरला. बायको ऐकत नाही म्हणून कुरकुरला. तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पोरगा तैपेईला गेला, यंत्र पाठवतो पण स्वतः येत नाही, म्हणून कुरकुरला. इथे कोणी हसलं नाही. मग त्याने गाणं म्हटलं, जुनं, आपल्या बोलीतलं, आमच्या लग्नाच्या वेळचं. म्हातारा न्हाणीघरात गुणगुणतो तेच. पण ते रोऊआनच्या गळ्यातून सुरात आलं.

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. उदबत्तीची राख त्याच्या पॅंटवर पडत होती, त्याला पत्ता नव्हता. वाटलं, आता हा उठणार आणि तमाशा करणार.

खेळ संपला. पोरं बाहुल्या हातात घेऊन खाली आली. रोऊआन पांढरीफटक. तोपर्यंत सगळी स्टुलं भरली होती, आणि एकालाही पुढे काय होणार ते ठाऊक नव्हतं. म्हातारा उठला, खाकरला, मांडीवर थाप मारायला हात उचलला आणि सगळे बघताहेत म्हणून तसाच खाली घेतला.

"मी असा खोकतो?" त्याने विचारलं.

"काका, मी..."

"असा नाही खोकत. आधी छातीतून येतो, मग घशात. उद्या दाखवतो. किती वाजता जमता तुम्ही?"

रोऊआन त्याच्याकडे बघतच राहिली. "काका, उद्या मामा पेट्या न्यायला येणारे. खोली तुमची झाली ना. देवाने कौल दिला."

"कसला कौल दिला?" म्हातारा खेकसला. "मी काय विचारलं देवाला? यंत्र खोलीत ठेवू का. एका कौलाला एकच प्रश्न! पोरांना बाहेर काढू का, हे मी विचारलंच कुठे?"

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तू गं, असं टकामका काय बघतेस? कढई करपतेय तुझी."

खरंच करपली होती. करपू दे म्हटलं, आणि रोऊआनला जवळ घेऊन मी आधी रडून घेतलं.