आता घाई नाही

“अहो बाई, माझं पुढचं विमान तिकडून सुटतं. इकडे कुठे नेताय मला?” चाकांच्या खुर्चीतल्या आजोबांनी मान वळवून विचारलं.

मावशींनी खुर्ची थांबवली. या विमानतळावर विमान बदलणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत नेण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

“तो भाग कालपासून बंद झाला, आजोबा. आमच्या विमान कंपनीनं जुन्या भागीदार कंपन्यांशी काडीमोड घेतला आणि ती दुसऱ्या गटात घुसली. आता लोकांना विमान बदलायला नव्या सोयऱ्यांच्या शहरात नेतात. तुम्हालाही आधी तिकडे, मग उद्या पुढे.”

“उद्या?” आजोबांचा आवाज चिरकला. “ताई माझी शेवटच्या घटका मोजतेय हो. आज संध्याकाळी पोचणार होतो मी.”

मावशी तडक काउंटरवर गेल्या. समोरच जुन्या भागीदारांचं, आजोबांच्या गावाकडे जाणारं विमान उभं होतं.

“एक जागा दे गं त्यांना त्यात.”

“पूर्वी नुसता फोन केला की मिळायची,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “आता ते आपलं तिकीट धरतच नाहीत. वरपर्यंत विचारून झालं, मावशी.”

मावशींनी आवाज चढवला, मग हात जोडले. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, एवढंच.

त्या परतल्या तेव्हा आजोबांचा फोन वाजत होता. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून मावशींनी फोनचा आवाज मोठा केला.

“मामा, आई गेली...”

“काय म्हणतोय?” आजोबांनी मावशींकडे पाहिलं. “जरा नीट सांगा.”

मावशी त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. आजोबांचे दोन्ही हात हातात घेऊन, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मावशींना ते सांगावं लागलं. रिकाम्या दालनात ते शब्द घुमले. दूरवर लादी पुसणारा माणूस थांबला.

आजोबा म्हणाले, “जायला तर हवंच. भाचरं एकटी आहेत. हे सगळं तिकडे गेल्यावर तुमचं काय आता?”

“खुर्च्या तिकडे पाठवणार आहेत म्हणे. आम्हाला नाही.”

तेवढ्यात मावशींचा मुकादम ओरडला, “मावशी, पाय उचला! विमानाचं दार बंद होईल.”

“हळू न्या,” आजोबा पुटपुटले. “आता घाई नाही.”

मावशींनी मुकादमाकडे पाहिलंच नाही. आजोबांच्या खांद्यावरून घसरलेली शाल त्यांनी नीट केली, आणि एकेक पाऊल टाकत खुर्ची पुढे ढकलू लागल्या.