झोपाळ्याखालची वाळू

सूनबाईला दुसरं बाळ झालं, तेही पोट फाडून काढावं लागलं, आणि थोरल्या टुणीचा पहिला दात पडला, हे सगळं ज्या वर्षी घडलं, त्याच वर्षी घरामागच्या अंगणात झोपाळा उभा राहिला.

तो उभा केला आबांनी, म्हणजे सूनबाईच्या सासऱ्यांनी. आबा गवंडी. सगळा जन्म भिंती बांधण्यात गेलेला. बरोबरचे लोक त्यांना ओळंबा, म्हणजे भिंत उभी सरळ आहे का ते बघायची वजनाची दोरी, म्हणत, कारण वाकडं त्यांना ना भिंतीत खपायचं, ना बोलण्यात. नात मात्र त्यांना कशीही वळवायची. जिथून उतरायचं तिथून ती टुणकन उडी मारायची, म्हणून टुणी हे नावही त्यांनीच ठेवलेलं.

सूनबाई हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. पडलेली पोरं आधी तिच्या टेबलावर यायची. कुणाचं मनगट, कुणाची हासळी, आणि कधीमधी डोकं. डोक्याची फिल्म ती अजूनही उजेडासमोर दोनदा धरून बघायची. त्यामुळे झोपाळ्याचे खांब उभे राहिले आणि तिच्या जिवाला घोर लागला.

"खाली फरशी टाकू," आबा म्हणाले. "खडबडीत. पाय घसरायचा नाही."

"फरशी? अहो आबा, डोकं आपटलं तर?"

"मग गवत आहे की आयतं."

"झोपाळ्याखाली गवत टिकत नाही. पाय घासून घासून नुसती टणक माती उरते. लाकडाचे तुकडे घातले तर आपल्याकडे वाळवी. रबराच्या चटया इथं मिळत नाहीत."

"गादीच घालू मग. उशी पण देऊ, पांघरूण पण देऊ."

"वाळू घालू. धुतलेली, गोल दाण्याची, दीड वीत खोल. आणि दर आठवड्याला तळापर्यंत उकरायची. वाळू दाबून बसली की तिचा दगड होतो, आबा."

आबा हसले. "एक्सरेबाई, तू माणसाकडे बघतच नाहीस. सरळ हाडंच मोजतेस."

पण वाळू आली. टुणी झोपाळा उंच न्यायची, हात सोडायची आणि धप्पकन वाळूत उतरायची. पाय घोट्यापर्यंत रुतायचे. सूनबाई दर रविवारी दाताळं घेऊन वाळू उकरायची, खोल हात घालून बघायची, खडा-काच वेचायची. पुढे पोट वाढलं, मग टाके पडले, आणि डॉक्टरांनी वाकायला बंदी केली.

"ते काम माझ्याकडे दे," आबा म्हणाले. "मला काय कामधंदा आहे?"

तिनं निर्धास्त होऊन दाताळं त्यांच्या हातात दिलं.

आता गवंड्याच्या पायांना भुसभुशीत जमीन कशी सहन व्हावी? तरुणपणी एका कामावर आबांच्या डोळ्यांदेखत पहाड, म्हणजे उभं राहून भिंत बांधायचा बांबूंचा सांगाडा, कोसळला होता. खांब रोवले होते भरावाच्या मऊ मातीत. त्यांचा जोडीदार वरून विटांसकट खाली आला. तेव्हापासून मऊ जमीन म्हटली की आबांच्या अंगावर काटा यायचा. टुणीचे पाय वाळूत रुतताना दिसले की त्यांना वाटायचं, आज ना उद्या या पोरीचा पाय मुरगळणार, मोडणार. तेही पोरीसाठीच घाबरत होते.

त्यांनी सुनेला ताकास तूर लागू दिली नाही. ती बाळाला घेऊन आत पडलेली असायची, तेव्हा ते वाळूत थोडी थोडी दगडाची भुकटी कालवायचे, झारीनं पाणी शिंपडायचे आणि जड धुम्मसानं ठोकून ठोकून दाबायचे. आवाज आला की सूनबाईला वाटायचं, पलीकडं कुणाचं तरी काम चाललंय. वर मात्र चार बोटं वाळू दाताळ्यानं मोकळी ठेवायचे. कशाला उगीच तिची कटकट! दिसायला सगळं पहिल्यासारखं. तापानं टुणीही त्या दिवसांत अंथरुणात होती, त्यामुळं उड्या बंद होत्या आणि कुणालाच कळलं नाही.

टुणी बरी झाली त्या दुपारी सूनबाई अंगणात दुपटी वाळत घालत होती. झोपाळा कुरकुरत होता. आबा पायरीवर बसून नातीला चढवत होते, "आणखी उंच! ढगाला पाय लाव!"

हातातला चिमटा बाजूच्या वाळूत, कडेला पडला. तो घ्यायला सूनबाई सावकाश वाकली. बोटं वाळूत शिरली आणि तिथंच अडली. तिनं नखानं खरवडून पाहिलं. खाली वाळू नव्हतीच. ओटा होता.

पायाखालची जमीन सरकली असं लोक म्हणतात. सूनबाईच्या पायाखालची सरकत नव्हती, हाच तर घात होता.

तिनं वर पाहिलं. टुणी सगळ्यात उंच टोकाला होती, एक हात सुटलेला, तोंडावर हसू. उडीच्या आधीचं ते हसू आईला ओळखीचं होतं.

"टुणी! सोडू नकोस!"

आवाज असा फाटका निघाला की पोर दचकली. तिनं मागं वळून पाहिलं आणि दुसरा हातही सुटला. एरवी ती पायांवर यायची. या वेळी पाठीवर आली. मग डोकं आपटलं. नारळ फुटावा तसा आवाज नव्हता. लहान होता, कोरडा. सूनबाईनं तो पुढं जन्मभर ऐकला.

टुणी रडली नाही. सूनबाईला पोरांचं रडणं कधी इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

"रड ग, राणी. रड ना." ती गुडघ्यांवर बसली होती. हात लावायचा नाही, मान हलवायची नाही, हे सगळं येत होतं तिला, आणि तरी हात पोरीकडं जात होते. मग टुणी रडली. पाठोपाठ ओकली. डोक्याच्या मारानंतरची ओकारी. तिचा अर्थ सूनबाईला ठाऊक होता, आत रक्त साकळलं असेल.

बाळ शेजारणीच्या मांडीवर टाकून ती आणि आबा टुणीला घेऊन हॉस्पिटलात पोचले. नवरा परगावी कामावर. आज टेबलावर तिची स्वतःची पोर होती आणि मशीनमागं दुसरीच बाई. "तू बाहेर थांब ताई," ती म्हणाली. सूनबाई बाहेर थांबली. रोज ती इतर आयांना हेच सांगायची.

बाकावर आबा बसले होते. हाताची बोटं एकमेकांत अडकवून घट्ट दाबत होते.

"भुकटी मी घातली," ते म्हणाले. "मला वाटलं, पाय रुततोय पोरीचा."

सूनबाईच्या तोंडाशी खूप काही आलं. पण आपण ओरडलो नसतो तर ती पायांवर आली असती का, हा किडा तिच्याही डोक्यात शिरला होता. ती म्हणाली, "मी ओरडले, आबा."

"गप. तू ओरडलीस म्हणून नाही."

दार उघडलं की दोघंही उठायचे आणि दुसऱ्याच कुणाचं नाव ऐकून परत बसायचे.

कवटीला केसाएवढी चीर होती. आत रक्त साकळलं नव्हतं. काही दिवस ठेवून घेतलं आणि टुणी घरी आली, डोक्याला पट्टी, चालताना नजर जमिनीवर. अंगणाकडं ती बघेना. कुणी झोपाळ्याचं नाव काढलं तरी आईचा पदर धरायची.

आबांनी कुदळीनं तो सगळा थर फोडला, घमेल्यानं उचलून बाहेर टाकला आणि नवी वाळू चाळून भरली. रोज सकाळी लोखंडी सळई खुपसून बघायचे, ती सरसर तळाला जायची. तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईना. मग एके दिवशी टुणीला उंबऱ्यात उभं करून ते म्हणाले, "आधी मी पडून बघतो. मला लागलं नाही, तर तुझी पाळी."

आणि भल्या दांडग्या म्हाताऱ्यानं हात पसरून पाठीवर अंग टाकलं.

शेजारीण कुंपणावरून ओरडली, "अहो ओळंबा, शेवटी आडवे झालात म्हणायचे!"

टुणी खुदकन हसली. त्या दिवशी नाही, पण पुढच्या आठवड्यात ती झोपाळ्यावर बसली. तिचा एकच नियम होता, आधी आबांनी पडायचं. आबा रोज पडायचे. "या वयात कशाला?" सूनबाई म्हणायची. "सळईवर माझा विश्वास नाही," ते म्हणायचे. ती खिडकीतून बघत राहायची, आणि ते उठून कपडे झटकेपर्यंत तिथून हलायची नाही.

एका सकाळी ते पडले आणि टुणी म्हणाली, "आबा, उठा ना. माझी पाळी." मग परत म्हणाली. तिसऱ्यांदा तिचा आवाज ऐकून सूनबाई हातातलं टाकून धावली.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. पडताना कुठं काही लागलं नव्हतं, साधं खरचटलंही नव्हतं. आबा गेले, ते बाळ चालायला लागलं त्या वर्षी, उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी.