मागच्या रांगेतला टोपीवाला

छापखान्याने चारची वेळ दिली होती. अडीच वाजता मी तिसऱ्यांदा किटली चढवली आणि तिसऱ्यांदा चहा न करताच बंद केली.

आयर्लंडमधल्या आमच्या किलवार्ना हर्लिंग क्लबच्या इतिहासाची एकशे बारा पानं तयार होती. अडलं होतं फक्त एकोणचाळिसावं. त्यावर १९३७चा फोटो: चेंडू मारायच्या काठ्या घेतलेले पंधरा खेळाडू आणि उजव्या कडेला हॅट घातलेले चिटणीस, म्हणजे माझे आजोबा, फिल लूबी. आमच्या पॅरिशने, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, जिंकलेला तो एकमेव कप. मागच्या रांगेतल्या तिसऱ्याने टोपी पार नाकापर्यंत ओढलेली. खाली नाव मॉसी शेली. शेवटचा गोल त्याचा. मैदानाच्या फाटकालाही त्याचंच नाव आहे.

सकाळी एक तारीख पडताळायला आजोबांचा बिस्किटांचा डबा उघडला, तर आत मॉसीचं पत्र. सप्टेंबरातल्या फायनलनंतर तीन आठवड्यांनी बॉस्टनहून लिहिलेलं. ‘फिल, ईस्टरपासून मी इथे विटा वाहतोय आणि इथली माणसं त्या गोलापायी मला दारू पाजतायत. निदान तो मी उजवीकडून मारला की डावीकडून, तेवढं तरी कळव.’

म्हणजे टोपीखाली दुसराच कोणी होता. खेळाडू त्याच पॅरिशचा हवा, हा नियम तेव्हाही होता. खेळाडूंच्या यादीवर सही आजोबांची. आणि या इतिहासाखाली सही माझी जाणार होती.

क्लबचा अध्यक्ष डोनी क्रेहान ट्रॅक्टरवर होता. फोनवर त्याने सगळं ऐकून घेतलं.

“अगं, पत्र डब्यात होतं ना? मग डब्यात टाक परत.”

“आणि माझी सही?”

“रविवारी शेजारच्या लिसरोशी मॅच आहे, अट्रॅक्टा. पुढची ऐंशी वर्षं ते आपल्याला टोपीवाले म्हणतील. तुझ्या आजोबांना लबाड म्हणतील, ते वेगळंच.”

त्याचं शेवटचं वाक्य मला सव्वातीनपर्यंत पुरलं. मग गाडी काढली आणि चौकातल्या नोनी शेलीकडे गेले. नोनी मॉसीची पुतणी, वय सत्त्याऐंशी. मॉसीचं मेडल तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटावर असतं.

“बस की.”

“बसवत नाहीये.” उभ्याउभ्याच पत्र वाचून दाखवलं.

“आईलाही त्याने हेच विचारलं होतं,” नोनी म्हणाली. “तिने कळवून टाकलं, डावीकडून.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“तो लिसरोचा जेर मिनोग. तिकडच्यांनी त्याला संघातून काढला, तुझ्या आजोबाने उचलला. दर नोव्हेंबरात एकदा इथे यायचा. आई चहा द्यायची आणि बशीशेजारी मेडल ठेवायची. तो चहा प्यायचा, मेडल बघायचा, आणि स्वतःच उठून परत कपाटावर ठेवायचा. कोणी अवाक्षर काढायचं नाही. एकोणऐंशी साली गेला.”

“मग छापू?”

नोनी कपाटाकडे बघत राहिली. “मेडल आमच्या घरात. फाटकावर नाव आमचं. त्या माणसाला आम्ही काय दिलं, तर चहा. तोही आईच्या हातचा, पाणचट.”

“आणि आजोबा?”

“यादी फिलची होती पोरी. त्याची त्यालाच निस्तरू दे.”

चारला आठ मिनिटं कमी होती. तिथूनच छापखान्यात फोन लावला.

“पान एकोणचाळीस. मागच्या रांगेतलं तिसरं नाव बदला. जेर मिनोग, लिसरो. आणि शेवटी जोडा: फोटोत नाही, मॉसी शेली, बॉस्टन.”

पलीकडे कळा दाबल्याचे आवाज. “एक ओळ वाढतेय, बाई. खाली जागा नाही. कडेचा हॅटवाला कापू का? त्याचं नाव गेलं की ओळ बसते. खेळाडू तर दिसत नाही तो.”

नोनी माझ्याकडे बघत होती. आजोबा यातून अलगद सुटत होते, आणि तेही मी न मागता.

“नको. राहू दे त्यांना. नावापुढे लिहा: चिटणीस, खेळाडूंची यादी यांची. अक्षरं बारीक करा.”

“वाचायला भिंग लागेल.”

“लिसरोवाले आणतील.”

फोन ठेवला तोच वाजला. डोनी.

“वाजू दे,” नोनी म्हणाली.

मी उचलला.