सालासकट

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी मुख्य आचारी आहे. तीन पाळ्यांची माणसं माझ्या हातचं जेवतात आणि बोटं चाटतात, असं मीच सगळीकडे सांगत असतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. अशा माझ्या घरात बायकोला दिवस गेले आणि तिच्या पोटात माझ्या हातचा घास टिकेनासा झाला.

त्यात ती डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी. जीवनसत्त्वं, लोह आणि आणखी काय काय कोंबून केलेली, चांगली चिंचोक्याएवढी. ती गिळली की थोड्याच वेळात बायको मोरीत. गोळीबरोबर पोटातलं बाकीचंही बाहेर. वजन उतरायला लागलं. रक्त तपासलं, तेही कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी सोसते ना?" बायको तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हणालो, "अगदी रोज घेते."

"मग जेवण वाढवा. पुढच्या वेळी रक्त आणखी खाली आलं, तर दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल."

बाहेर आल्यावर बायकोने माझी बाही धरली. "बाळाला काही मिळतंय की नाही रे?" या प्रश्नाने माझी झोप उडाली. आणि झोप उडाली की मला कल्पना सुचतात. घरातली निम्मी संकटं तिथूनच येतात.

कॅन्टीनमधून आलो की ती मला दारातच थांबवायची. "लांब उभा राहा. तुझ्या केसांना कांद्याचा वास येतोय." मी अंघोळ करून यायचो. "आता साबणाचा येतोय." दुसऱ्यांच्या स्वयंपाकाला आयुष्यभर नाकं मुरडत आलेला मी, पहिल्यांदाच कुणाच्या तरी नाकापुढे हरलो.

तिच्या पोटात एकच गोष्ट राहायची. बटाट्याचं पातळ सूप, त्यात नुसतं मीठ. मला ते वाढायचीसुद्धा लाज वाटायची. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "जावईबापू, जे राहतंय तेच द्या. जास्त शहाणपणा करू नका." सासूबाई मला चांगल्या ओळखून आहेत.

मी शहाणपणा केला. आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना येते. जे कोणी खात नाही, ते वाटून रश्श्यात घालायचं. तिन्ही पाळ्यांत आजवर कुणाला पत्ता लागलेला नाही. मग एका गोळीची काय कथा? मी ती खलबत्त्यात कुटली, सुपात घोटली आणि वरून मिरपूड टाकली. चव घेतली तर तोंडात जुनी किल्ली धरल्यासारखं लागलं. म्हटलं, मिरपुडीत लपेल.

बायको एक घोट प्यायली. तिने वाटीत बघितलं, मग माझ्याकडे.

"यात गोळी आहे?"

"छे."

खोटं बोलताना माझा चेहरा कसा होतो, हे तिला लग्नाआधीपासून माहीत आहे. ती मोरीत गेली आणि परत आली ती सूप कायमचं सोडूनच. टिकत होती ती एकुलती एक वस्तूही मी हाताने घालवली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर पोटुशी बायको रिकाम्या पोटी बसली.

भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती भांडली नाही. मी डाळ वाढली तर तिने शांतपणे विचारलं, "यात काय आहे?"

"डाळ."

"आणि?"

खरं तर त्यात दुसरं काहीच नव्हतं, पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? पाणीसुद्धा ती स्वतः नळावरून घ्यायला लागली. आणि खायला लागली फक्त साल असलेलं. केळं, संत्रं, शेंगा, सालासकट उकडलेला बटाटा, कवचातलं अंडं. जिथे माझा हात पोचत नाही असं अन्न. अंडंसुद्धा ती उजेडात फिरवून बघायची, मी सुईने आत काही भरलंय का म्हणून.

दवाखान्यात तिने सांगण्याआधी मीच बोलून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"गोळी कुटलीत?"

"हो."

"गोळी सोसते का, असं मी विचारलं होतं. उत्तर कोणी दिलं होतं?"

मग त्या बायकोकडे वळल्या आणि पुढचं सगळं तिलाच विचारलं. मोठी गोळी त्यांनी तूर्त बंद केली. फोलिक अॅसिडची लहान गोळी लिहून दिली, रात्री जेवण झाल्यावर घ्यायची. लोहाची वेगळी, मळमळ ओसरल्यावर, चहापासून लांब. शेंगा-अंड्यांचं ऐकून त्या म्हणाल्या, "छान चाललंय. गार झालेलं, थोडं थोडं, दिवसभर खा."

इतकी वर्षं मसाले वाटले आणि कौतुक झालं ते उकडलेल्या अंड्याचं.

त्यानंतर मी घरी आलो की अंघोळ करायचो, खिडकी उघडून अंडी उकडायचो, गार झाली की बशीत ठेवायचो आणि दुसऱ्या खोलीत जाऊन उभा राहायचो. टेबलावर कवच आपटल्याचा आवाज आला की जीव भांड्यात पडायचा. आवाज आला नाही की मी भिंतीला कान लावायचो. तीन पाळ्यांचा मुख्य आचारी.

पुढच्या तपासणीत रक्त थोडं वर आलं. बाळाची वाढही ठीक होती. दवाखान्यात राहायची गरज नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी मी बशी ठेवली आणि खोलीबाहेर निघालो.

"ऐक," ती म्हणाली. तिने एक अंडं माझ्याकडे सरकवलं. "सोलून दे."

मी हात धुतले. परत एकदा धुतले. कॅन्टीनमध्ये टोपलीभर अंडी मी गप्पा मारत सोलतो. त्या दिवशी एक अंडं सोलताना पांढऱ्याचे लचके निघाले, कारण मला नीट दिसत नव्हतं. ते खडबडीत अंडं मी बशीत ठेवलं. ती उजेडाकडे धरेल म्हणून वाट बघत राहिलो. तिने ते सुरीने मधोमध कापलं आणि बशी पुन्हा माझ्यापुढे केली.

"वर थोडं मीठ घाल."

मी मीठ घातलं. फक्त मीठ.