बाळांच्या रांगेसाठी दाताळं

सेंट हेडविगच्या दफनभूमीच्या देखभालीचं काम ज्याला हवं असेल त्यानं शनिवारी दुपारच्या घंटेआधी आपल्या वाट्याचा पाचोळा साफ करून दाखवावा, असं चर्चच्या समितीनं ठरवलं होतं. अर्ज दोनच आले. एक डेल रोबेलचा, वय बत्तीस, पाठीवर पानं उडवायचा ब्लोअर. दुसरा बर्निस यागोडाचा, वय सत्तावन्न, आणि तिची पाठ एकतीस वर्षं बुटांच्या कारखान्यात शिलाईच्या मशीनवर वाकलेली. जानेवारीत कारखान्याला टाळं लागलं. सत्तावन्नाव्या वर्षी नवं काम कोण देतो? मुलगी दर रविवारी फोनवर म्हणायची, "आई, ॲरिझोनाला ये. आमची मागची खोली रिकामीच आहे." मुलगी गुणाची होती, पण बर्निसला कुणाची मागची खोली नको होती. तिला विस्कॉन्सिनमधलं हेच गाव हवं होतं, हीच बोचरी थंडी, शुक्रवारचे तळलेले मासे आणि स्वतःच्या दाराची किल्ली. त्यासाठी हे काम मिळायलाच हवं होतं.

डेल आधी पोचला, म्हणून त्यानं आधी निवडलं. पुढचं मोकळं मैदान त्यानं घेतलं. तिथं उंच थडगी ऐसपैस उभी होती. बर्निसच्या वाट्याला मागचा कोपरा आला, तीन ओकच्या झाडांखालची बाळांची रांग. जन्मून दोन-चार दिवसांत गेलेली लेकरं पूर्वी तिथं पुरत. दगड जेमतेम विटेएवढे, जमिनीलगत बसवलेले, एकमेकांपासून हातभर अंतरावर. त्यांच्यावर सबंध हिवाळा बर्फाखाली कुजून थापली गेलेली ओकची पानं. जागा लहान होती, म्हणून वाटणी बरोबरीची झाली, असं समितीचं म्हणणं. समितीतल्या एकानंही तिथं कधी दाताळं मारलेलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

अध्यक्ष यूजीन ग्राबोव्स्की सत्तरीचे होते. त्यांनी अवजारांची शेड उघडली. "हवं ते घ्या. बारा वाजता बघायला येतो."

आत भिंतीला डझनभर दाताळी टांगलेली. बर्निसचा हात आधी सगळ्यात रुंद दाताळ्याकडेच गेला. कुणाचाही जातो. एका ओढीत ढीग येईल असं वाटतं. ती ते घेऊन रांगेशी गेली आणि एकदा ओढून पाहिलं. दोन्ही टोकं दोन दगडांवर चढली, मधले दात अधांतरी राहिले, पानं होती तिथंच. ती परत आली. दुसरं लोखंडी, आखूड जाड दातांचं, माती ओढायचं. त्यानं पानांबरोबर कोवळं गवतही मुळासकट आलं असतं. तेही तिनं टांगून ठेवलं. एवढ्यात पंधरा मिनिटं गेली आणि डेलचा ब्लोअर घोंघावायला लागला.

शेवटी कोपऱ्यात एक अरुंद दाताळं सापडलं, वीतभर रुंदीचं, पोलादी पट्ट्यांचे लवचिक दात असलेलं. झुडपांच्या बुंध्याशी वापरतात तसलं. तिनं ते अंगाशी उभं धरलं. दांडा हनुवटीला लागला, म्हणजे कंबरेतून वाकायला नको. दात जमिनीवर दाबले तर ते वाकले आणि सोडल्यावर सरळ झाले. दाताळ्याचं डोकं हलवून पाहिलं, खुळखुळत नव्हतं. तिनं बाह्या सारल्या.

डेलनं ब्लोअर क्षणभर बंद केला. "काकू, हे दाताळं घेतलंत की फणी?"

"फणीच आहे रे. डोकं पुढं कर, उवा बघते."

डेल हसला आणि पुन्हा मशीन सुरू करून निघाला. त्याची पानं वाऱ्यावर स्वार होऊन कुंपणाकडे पळत होती. बर्निसची पानं मात्र भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी थरावर थर चिकटलेली. एक थर सोडवायचा, दोन दगडांच्या मधून ओढून घ्यायचा, मग पुढचा. दहा वाजेपर्यंत रांगेतले सहा दगड मोकळे झाले होते. तिनं हात भराभर चालवायला घेतला.

तेवढ्यात दगड नसलेल्या जागी दात खट्ट वाजले.

तिनं पुन्हा ओढलं. पुन्हा खट्ट. गवताखाली काहीतरी सपाट होतं. ते तसंच सोडून पुढं जाता आलं असतं. कुणाला कळलं असतं? तिलाही हा विचार आला, आणि आला म्हणून स्वतःचाच रागही आला. ती गुडघ्यांवर बसली, बोटांनी गवत सोललं, माती खरवडली. वर्षानुवर्षं खचत गेलेला एक दगड वर आला. *मारिशा. तीन दिवस.*

"बस तर मग इथं उन्हात," बर्निस त्या दगडाला म्हणाली आणि उठली.

मग दर थोड्या वेळानं दात वाजायला लागले. प्रत्येक वेळी ती बसली आणि प्रत्येक वेळी गुडघे धरून उठली. तळहाताला फोड आला, फुटला. डेलचं मशीन साडेअकरालाच थांबलं. तो गाडीच्या मागच्या फळीवर बसून सॉसेज-पाव खात होता. चर्चची घंटा झाली तेव्हा बर्निसची रांग निम्मी राहिली होती. काम हातचं गेलं, हे तिला समजलं. डोळे भरून आले, पण दाताळं चालूच राहिलं.

ग्राबोव्स्की आले. "घंटा झाली, बाई. थांबा आता."

"ऐकली. काम डेलला द्या, माझी तक्रार नाही. पण ही रांग अर्धी टाकून मी जाणार नाही."

ग्राबोव्स्कींचं लक्ष मातीनं माखलेल्या पाच दगडांकडे गेलं. "हे कुठून आले?"

"इथंच होते. खाली गेले होते."

"नोंदवहीत एकतीस नावं आहेत आणि दगड दिसायचे बावीसच. समितीतले म्हणायचे, बाकीच्यांना दगड बसवलेच नसतील." त्यांनी टोपी काढली. पाचही दगडांपाशी एकेक करून वाकले, ओठ हलवत वाचत गेले. मग हळू आवाजात विचारलं, "आणखी कुठं लेनर्ड दिसला का?"

"आडनाव काय?"

"ग्राबोव्स्की."

बर्निसचा हात थांबला.

"माझा धाकटा भाऊ. दीड दिवसाचा. बाबांनी दगड बसवला तेव्हा मी शेजारी उभा होतो. नंतर आई दर उन्हाळ्यात येऊन शोधायची. शेवटपर्यंत शोधला तिनं."

बर्निसनं उरलेल्या रांगेकडे पाहिलं. "अजून नाही आला. पण अजून अर्धी रांग आहे."

गाडीपाशी डेल हात पुसत उभा राहिला. "साहेब, कागदावर सही कुठं करायची?"

"तू घरी जा, डेल," ग्राबोव्स्की मागं न बघता म्हणाले. "सोमवारी फोन करतो."

त्यांनी कोट काढून कुंपणावर टाकला, तरातरा शेडकडे गेले आणि खांद्यावर दाताळं टाकून परत आले. ते नेमकं सगळ्यात रुंद होतं.

"ते नको," बर्निस म्हणाली. "ते दगडांवर चढतं, मधलं काहीच लागत नाही. परत ठेवा. दाराच्या मागं आणखी एक अरुंद आहे, दांडा लांब आहे, तुमच्या हनुवटीला पुरेल. आणि हात हलका ठेवा."

समितीचे अध्यक्ष मुकाट्यानं पुन्हा शेडकडे वळले.